जमिनीखालून आलेला सवाल

“मला आत पाठवू नका. मला खोकला आहे,” ग्रामपरिषदेचे अध्यक्ष म्हणाले आणि पुरावा म्हणून खोकून दाखवलं.

“खोकलात तरी चालेल,” निरीक्षक मिस्ये फेलिसिते म्हणाले. “मला आत माणसाचा आवाज हवाय. कसलाही.”

“मग पोलिसाला पाठवा. ओरडणं हे त्याचं कामच आहे.”

पोलीस शिपायानं टोपी काढून कपाळ पुसलं. “माझी आजी या गावची,” तो म्हणाला. “पळून आलेला एक गुलाम या बिळात अजून हिंडतो, असं ती सांगायची. मला काही ते खरं वाटत नाही. पण तिला वाटायचं.”

लोक हसले, पण पुढं कुणी झालं नाही.

आम्ही सगळे रोश क्रेझ गावच्या रस्त्यात पडलेल्या खड्ड्याभोवती उभे होतो. आठवड्यापूर्वी ऊस भरलेल्या लॉरीचं मागचं चाक तिथं खचलं होतं. क्रेननं लॉरी काढली, तेव्हा खाली माती नव्हतीच. काळोख होता. दोर सोडून पाहिलं तर उभं राहता येईल एवढं उंच, लांब गेलेलं बीळ.

मॉरिशसमध्ये याचं नवल नाही. हे बेट ज्वालामुखीनं घडवलंय. लाव्हा समुद्राकडे वाहत गेला तेव्हा वरची साय थंड होऊन गोठली आणि आतला रस वाहत राहिला. तो वाहून गेल्यावर खडकाच्या नळ्या राहिल्या. त्यांच्यावर माती साठली, मातीवर ऊस आला, उसाच्या कडेनं घरं आली. गावाच्या नावाचा अर्थच ‘पोकळ खडक’ असा आहे. नाव ठेवणाऱ्यांना ठाऊक असणार. घरं बांधणाऱ्यांनी विचारलं नसावं.

आता प्रश्न असा होता की बीळ कुठल्या घरांखालून जातं. जिल्हा परिषदेचा निर्णय झाला होता. ज्या घरांखाली छत पातळ आहे, ती वादळाच्या हंगामाआधी रिकामी करायची. त्या कुटुंबांना साखर कारखान्याच्या जुन्या जमिनीवर, नव्या वसाहतीत, सिमेंटचं घर मिळणार होतं. बाकीच्यांनी आहे तिथंच राहायचं.

हे ठरवण्याचं काम बांधकाम निरीक्षक जॉर्ज फेलिसिते यांच्याकडे आलं होतं. उंच, काटकुळे, आफ्रिकन वंशाचे क्रिओल गृहस्थ. बोलताना छत्रीच्या टोकानं जमिनीवर टकटक करायची सवय. होकायंत्र घेऊन ते आत जाऊन आले होते, पण या खडकात लोखंड इतकं की काटा भलतीकडेच वळायचा. मग सकाळी त्यांनी आत माणूस पाठवून घण मारायला लावला आणि वर घरोघरी कान लावून माणसं बसवली. घणाचा आवाज सगळ्यांनाच आला. चर्चजवळच्या घरातही आला, आणि ते घर तर पार टेकडीपलीकडे.

“दगडातून दगडाचा आवाज कुठंही जातो,” फेलिसिते मला म्हणाले. “माणसाचा आवाज फक्त फटीतून येतो. जिथं तो वर येईल तिथं छत पातळ. तिथं मी एकालाही झोपू देणार नाही.”

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या अखेरची. मी तेव्हा पोर्ट लुईच्या एका दैनिकात होते आणि जिल्हा परिषदांच्या बातम्या करत होते. रस्ते, नळ, गटारं, बाजारातल्या गाळ्यांची भांडणं. दुसऱ्या दिवशी माझ्या नावानं रोश क्रेझची जी बातमी छापून आली, ती बरोबर होती. तिच्यात चुकीचं एक अक्षर नव्हतं. पण जे घडलं तेही तिच्यात नव्हतं.

“धाकूला बोलवा,” गर्दीतली एक बाई म्हणाली. “तो गायला लागला की माझ्या घरात भांडी वाजतात.”

“धाकू बापू? झाकरीवाला?”

“तोच.”

झाकरी म्हणजे आपल्या कोकणातली जाखडी. आमचे पणजे-खापरपणजे ऊसतोडीला बोटीतून इथं आले, तेव्हा ढोलकीबरोबर तीही आली. गणपतीत गोल धरून नाचायचं, एका बाजूनं सवाल टाकायचा, दुसऱ्या बाजूनं उत्तर द्यायचं. रोश क्रेझच्या पार्टीचा धाकू म्होरक्या होता.

नाव निघताच लोकांच्या माना एकाच दिशेला वळल्या. रस्त्याच्या कडेला, काळ्या दगडाच्या कुंपणाशी एक साठीची बाई उभी होती. नऊवारी नव्हती, मॉरिशसमध्ये ती केव्हाच गेली. पण साध्या पातळाचा पदर तिनं कमरेला असा खोचला होता की आता कुणाशी तरी वाजणार असं वाटावं.

“भागाबाय,” अध्यक्ष जरा दबकत म्हणाले, “धाकूला उतरवू ना आत?”

“मला कशापायी विचारता? त्याचं तोंड, त्याचा घसा. फक्त त्याला एवढं सांगा, माझ्या घराखाली दगड हाय. आणि दगडाखाली दगड हाय. उगा बोंबलून घसा फोडू नको म्हणावं.”

आणि ती वळून आपल्या घरात गेली.

“बहीण आहे त्याची,” अध्यक्ष माझ्या कानाशी म्हणाले. “सख्खी. एकमेकांशी बोलत नाहीत. काही सांगायचं झालं तर मधे माणूस लागतो. बहुतेक वेळा मीच.”

धाकू बापू आला तेव्हा त्याच्या विजारीला उसाची पानं चिकटलेली होती. शेतातूनच त्याला उठवून आणलं होतं. रुंद छातीचा, केस पांढरे, डोळे बहिणीसारखेच. फेलिसितेंनी त्याला काम समजावलं. थोडं चालायचं, थांबायचं, ओरडायचं. बरोबर बॅटरी घेऊन परिषदेचा माणूस असेल.

“कुठल्या घरांखालून जाणार मी?” धाकूनं विचारलं.

फेलिसितेंनी छत्रीनं ओळ दाखवली. शेवटचं घर भागाबायचं.

“आवाज वर आला तर घर जाणार?”

“जाणार.”

“आणि घर राहिलं, अन् खालचं छत गेलं तर?”

फेलिसितेंची छत्री थांबली. “तर घरातलं माणूस जाईल.”

धाकूनं मान हलवली. “ढोलकी घेऊन येतो,” तो म्हणाला.

“ढोलकी कशाला? नुसतं ओरडा.”

“ओरडायला नाही जमत मला. गायला जमतं.”

फेलिसितेंकडे माणसं कमी होती. प्रत्येक घरात ऐकायला बाहेरचंच माणूस हवं, असा त्यांचा आग्रह होता. घरमालकाचा कान त्याच्या घराच्या बाजूनं लागतो, असं ते म्हणायचे. “मादम्वाझेल कुमुद, तुम्हाला बातमी हवी आहे ना? मग थोडा वेळ कान द्या. ऐकू आलं की खिडकीतून हाक मारायची: आलं.” त्यांनी मला शेवटच्या घरात पाठवलं.

ते घर काळ्या दगडाचं होतं. इथल्या शेतात नांगर चालवायचा तर आधी दगड वेचावे लागतात. उसाच्या मधोमध त्यांचे डोंगर रचलेले दिसतात. तसल्याच दगडांचं घर, दोन खोल्यांचं. मागं स्वयंपाकघर. भागाबाय तिथं जमिनीवर बसून पाट्यावर खोबरं-कोथिंबीर वाटत होती. आणि वाटत होती म्हणजे कशी, वरवंटा उचलून आपटत होती.

“कुणाची गो तू?” तिनं वर न बघता विचारलं. तिची मराठी शंभर वर्षांपूर्वी बोटीतून उतरलेली, तशीच राहिलेली.

“वाक्वाच्या सखारामांची.”

“वाक्वाची? म्हणजे शहरातली, शिकलेली. बस बाहेरच्या खोलीत. तिथं चांगली खुर्ची हाय.”

“मावशी, मला सगळ्या खोल्यांत ऐकायचंय.”

“हितं काय ऐकणार? चटणी?”

“थोडा वेळ वाटणं थांबवलंत तर…”

“का? माणसानं जेवू नये काय? निरीक्षकाला सांग, भागाबाय उपाशी राहिली तर ती पण परिषदेला भारी पडेल.” आणि वरवंटा पुन्हा आपटला.

मी खुर्चीवर न बसता तिच्यासमोर जमिनीवर बसले. पोत्याची जाड घडी तिथं अंथरलेली होती. शेजारी आणखी एक. चुलीच्या अवतीभवती सगळी जमीन पोत्यांनी झाकलेली होती. मी त्यांच्याकडे पाहिलेलं तिनं पाहिलं.

“गारठा लागतो,” ती म्हणाली.

सप्टेंबर सरत आला होता. गारठा नव्हता.

“घर कुणी बांधलं, मावशी?”

“माझ्या माणसानं. मुकादमाच्या शेतातले दगड. सुट्टी झाली की डोक्यावर एक दगड घेऊनच घरी यायचा. रोज. दुसऱ्यांचे नवरे वाटेत दारू प्यायचे, माझा दगड आणायचा. मी म्हणायचे, बाबा, कधीतरी केळी आण.” वरवंटा जरा हळू झाला. “साठ सालच्या वादळात या गावात पत्रा म्हणून राहिला नाय. सगळी हितं येऊन बसली होती. एकमेकांच्या मांडीवर. बारकी पोरं त्या फळीवर ठेवली होती, डब्यांसारखी. भिंत हलली नाय. तो गेला त्याला आता लई वर्षं झाली. मूलबाळ नाय. हे घर हाय.” आणि पुन्हा वरवंटा आपटला. “आता तो छत्रीवाला येतो नि सांगतो, वसाहतीत जा. मी बघून आले ती वसाहत. काड्यापेट्या मांडल्यात ओळीनं.”

“पण खाली खरंच पोकळ असेल तर?”

“नाय पोकळ.”

ती इतक्या झटकन बोलली की मी पुढं काही विचारलं नाही.

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, “त्यानं काय सांगितलं?”

“कुणी?”

“आत उतरणाऱ्यानं.”

धाकूनं फेलिसितेंना काय विचारलं आणि त्यांनी काय उत्तर दिलं, ते मी जसंच्या तसं सांगितलं. वरवंटा हवेत राहिला. मग तिनं तो खाली ठेवला, पाण्याचा हबका मारला, वाटण गोळा केलं.

“मी त्याला कडेवर घेऊन शिकवलंय,” ती म्हणाली. “बोलता येत नव्हतं त्याला, तेव्हा मी त्याच्या कुल्ल्यावर चापट्या मारून ताल धरायचे. आमचा बाप, आबा, झाकरीचा म्होरक्या. ज्या सवालाचं उत्तर कुणाला येत नसेल ते आबाला यायचं. आबाला नाय आलं तर मला. पण मुलगी कशी उभी राहणार रिंगणात? मी पडद्यामागून आबाला सांगायचे, आबा रिंगणात गायचा. आबा गेला. ढोलकी धाकूच्या गळ्यात पडली. बरोबरच होतं ते. मी काय बोलले नाय.”

“मग?”

“पहिलाच गणपती. तुमच्या वाक्वाची पार्टी आली होती. त्यांनी सवाल टाकला, नि धाकू अडकला. नुसती ढोलकी वाजवत राहिला. आमच्यात सवाल लोंबकळत ठेवत नाय, पोरी. मयताच्या घरी कुणी टाकला तरी उत्तर देऊन मग रडायचं. मी बायकांच्या घोळक्यात होते. मला राहवलं नाय. मी उत्तर दिलं. मोठ्यानं. वाक्वाची पार्टी गप झाली.”

“म्हणजे जिंकलात.”

“जिंकलो. नि माझा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, बायकांनी चुलीपाशी गावं.” तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. “त्या दिवसापासून मी चुलीपाशी पण गायले नाय.”

बाहेरून फेलिसितेंची शिट्टी वाजली. काम सुरू झाल्याची खूण होती ती. भागाबायनं पाट्यावर लसूण टाकली आणि पुन्हा वरवंटा उचलला.

पहिल्यांदा खूप वेळ काही नव्हतं. मी खिडकीपाशी जाऊन पाहिलं. वरच्या अंगाच्या घरातून एक माणूस हात हलवत बाहेर आला: आलं. फेलिसितेंनी त्याच्या भिंतीवर चुन्याची फुली मारली. त्या घरची बाई दारातच मटकन बसली. पुढच्या घरातून कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्यातूनही नाही. बीळ वळत असणार. तो शिपाई भागाबायच्या शेजारच्या घराच्या दारात आला आणि त्यानं दोन्ही हात आडवे केले: नाही. मग फेलिसितेंनी आमच्या घराकडे पाहिलं.

मी परत आत येऊन बसले. पोत्याची घडी बाजूला केली आणि कान जमिनीला लावला. भागाबायनं मला अडवलं नाही, पण वरवंटा इतक्या जोरात आपटायला लागली की माझ्या कानशिलात दणके बसू लागले.

त्या दणक्यांच्या मधल्या जागेत मला ऐकू आलं.

आधी ढोलकी. मग आवाज. लांबून आल्यासारखा नाही, जवळून, पण दाबलेला, जसा गोधडीत तोंड घालून कुणी गावं तसा. शब्द कळत होते.

कोण उतरला पाण्यामधी
अंग भिजेना ज्याचं?

मी डोकं उचललं. खिडकी चार पावलांवर होती. मला जाऊन एकच शब्द म्हणायचा होता. भागाबाय माझ्याकडे पाहत होती. तिच्या हातातला वरवंटा चालू होता, पण त्याला आता जोर नव्हता.

“तुम्हाला ठाऊक होतं,” मी म्हटलं.

“पावसात पाणी वाहतं खालून,” ती हळूच म्हणाली. “रात्रभर ऐकू येतं. सोबत होते मला.”

खाली पुन्हा तीच ओळ आली. कोण उतरला पाण्यामधी. ओळ संपली आणि ढोलकी वाजत राहिली, नुसती, वाट पाहत. सवाल टाकणारा स्वतः उत्तर देत नाही. तसा नियमच आहे. पण बिळात त्याच्याबरोबर परिषदेचा एक क्रिओल माणूस होता, बॅटरी घेतलेला. मराठी न येणारा तो काय उत्तर देणार? धाकूनं दुसरं काहीही गायलं असतं, नुसती आरती म्हटली असती, तरी फेलिसितेंचं काम झालं असतं. वरच्या घरांखाली तो काय गात आला, ते मी नंतर विचारलं. आरत्याच गात आला होता.

वरवंटा ढोलकीच्या ठेक्यात पडायला लागला. मला वाटतं तिच्याही ते लक्षात आलं नसावं. एक ठोका इथं, एक ठोका खाली. मग वरवंटा थांबला.

तिसऱ्यांदा सवाल आला. या खेपेला त्याचा आवाज शेवटी जरा हलला. वयानं असेल, बिळातल्या गार हवेनं असेल.

“चाल बदलली मेल्यानं,” भागाबाय पुटपुटली.

तिनं हात पदराला पुसले. भिंतीवर हात टेकला, आपल्या माणसानं आणलेल्या दगडांवर, आणि तिथंच थोडा वेळ ठेवला. मग गुडघ्यांवर बसून तिनं सगळी पोती एकेक करून बाजूला केली. खाली शेणानं सारवलेली जमीन होती, आणि चुलीपासून भिंतीपर्यंत केसाएवढी बारीक फट गेली होती.

ती त्या फटीवर ओणवी झाली आणि गायली.

चांद उतरला पाण्यामधी
अंग भिजेना त्याचं.

मी झाकरी लहानपणापासून ऐकत आले होते. असा आवाज मी ऐकलेला नव्हता. तो गोड नव्हता. इतकी वर्षं बंद राहिलेलं लाकडी दार उघडताना जसं करकरतं तसा तो सुरुवातीला करकरला, आणि दुसऱ्या ओळीत मोकळा झाला. बाहेर रस्त्यावरची माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली.

खाली ढोलकी बंद पडली.

मला वाटलं, तो निघून गेला. मग ढोलकीवर एक थाप पडली, आणि दुसरी, आणि एकदम जलद ठेका सुरू झाला. त्यानं पुढचा सवाल टाकला. तिनं उत्तर दिलं. त्यानं आणखी एक टाकला. त्याची ओळ पुरी व्हायच्या आत तिचं उत्तर तयार होतं. मधेच ती गाता गाता हसली. एका उत्तराला तो खालून “व्वा!” म्हणाला, आणि ते “व्वा” सुद्धा जमिनीतून स्वच्छ ऐकू आलं.

फेलिसिते खिडकीत येऊन उभे होते. त्यांनी छत्री काखेत धरली होती आणि टोपी हातात. सवाल संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग सावकाश म्हणाले, “मादाम, मला हे…”

“आलं,” भागाबाय म्हणाली. ती अजून गुडघ्यांवरच होती. “हितं. चुलीपाशी. लिवून घ्या.”

“घर रिकामं करावं लागेल.”

“मी बहिरी नाय, मिस्ये.”

“मला वाईट वाटतं.”

“तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? सवाल आला. उत्तर द्यायला नको?”

फेलिसिते आत आले. चुलीशी वाकून त्यांनी ती फट पाहिली, तिच्यावर तळहात ठेवला, आणि त्यांचा चेहरा उतरला. “वारा येतोय,” ते मला म्हणाले. “खालून.” मग ताठ होऊन त्यांनी सरकारी आवाज काढला, पण तो फारसा निघाला नाही. “आजपासून या घरात एका वेळी दोनच माणसं. सामान हलवेपर्यंत. तिसरं माणूस उंबऱ्याच्या बाहेर. हा नियम मी स्वतःलाही लावतो.” आणि ते खरोखरच अंगणात गेले. भिंतीवर चुन्याची फुली मारायला त्यांना बराच वेळ लागला.

भागाबायनं चुलीवर चहाचं भांडं चढवलं. मी तिला हात द्यायला गेले तर तिनं झटकला. पण कपबशा काढताना तिनं दोन काढल्या, मग थांबली, आणि आणखी एक काढली.

अंगणात पावलं वाजली. धाकू बापू आला होता. डोक्यापासून पायापर्यंत काळा चिखल, केसांत कोळिष्टकं, गळ्यात ढोलकी. तो दारापासून जरा लांबच उभा राहिला. त्याच्या मागं, कुंपणाबाहेर, अर्धं गाव. अध्यक्ष सवयीनं पुढं झाले, कारण आता मधे माणूस लागणार होता. पण भागाबायनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

“कुमुद,” ती चहाकडे बघत मला म्हणाली, “त्याला विचार, पहिल्या सवालाची चाल कुणी बदलली?”

मी दारात जाऊन विचारलं. त्याला ऐकू आलेलंच होतं.

“तिला सांगा,” धाकू म्हणाला, “आबानंच बदलली. शेवटच्या वर्षी. तिला ठाऊक नसेल, ती तेव्हा सासरी होती.”

“त्याला सांग, आबा असली चाल करणार नाय.”

“तिला सांगा, आबाचा दम पुरत नव्हता तेव्हा.”

चहा उकळून वर आला, भागाबायनं तो फुंकर मारून खाली बसवला.

“त्याला विचार, वरच्या घरांखाली पण हेच गायला काय?”

मी विचारलं नाही. मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं ढोलकी गळ्यातून काढली आणि कुंपणाच्या दगडावर ठेवली.

“तिला सांगा,” तो म्हणाला, “हे फक्त चुलीखाली गायलो.”

मी मागं वळून पाहिलं तर भागाबाय चहा गाळत होती आणि तो कपाच्या बाहेर सांडत होता. धाकू दोन पावलं पुढं आला. फेलिसितेंनी चुन्यानं पांढरा झालेला हात वर केला.

“मिस्ये बापू, माफ करा. आत दोघं आहेत. नियम आहे.”

धाकू जागच्या जागी थांबला, शाळेतल्या मुलासारखा.

मी चहासाठी थांबले नाही, चपला पायात सरकवल्या आणि अंगणात आले. फेलिसिते बाजूला झाले.

धाकूनं माझ्याकडे पाहिलं, आता मधे कुणी नाही हे कळल्यासारखं. मग चिखलाचे पाय दारातल्या दगडावर घासले आणि वर चढला.

“डोकं सांभाळ रे,” आतून भागाबाय म्हणाली. “दार बुटकं हाय.”